मुद्दाम चुकणारी सुवर्णा

मला सुवर्णाचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे तिच्याबद्दल जे चांगलं येईल ते मी नाइलाजानं लिहिलंय हे लक्षात येईल आणि त्यावर जरा जास्त विश्वास बसेल. वाईटही लिहिणार आहे. पण ते तिच्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दलच जास्त निघेल, असं आत्तापासूनच दिसतंय.

धारवाडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. मी अठरा वर्षांची, ती तेवीस. बारावीनंतर पाच वर्षं ती घरीच होती. अळणावरच्या पुढे त्यांचं गाव, तिथे त्यांची पिठाची गिरणी, आणि आई आजारी पडल्यावर ती गिरणी हिनं चालवलेली. आई गेली, धाकटा भाऊ हाताशी आला, तेव्हा कुठे हिला कॉलेज दिसलं. वर्गातल्या पोरी पहिल्या आठवड्यातच तिला अक्का म्हणू लागल्या. मी म्हणाले नाही. पाच वर्षं मागे राहिलेल्या मुलीला अक्का म्हणून डोक्यावर कशाला बसवायचं, असं मला वाटायचं. मी सुवर्णाच म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही, आणि काही वाटत नाही याचाही मला राग यायचा.

दिसायला बुटकी, मनगटं भक्कम. रोज सकाळी न्हाऊन यायची तरी कानामागच्या केसांत पिठाची एक पांढरी रेघ राहिलेलीच असे. मी घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "कष्टाळू असेल गं." मला आईकडून हे ऐकायचं नव्हतं. सुवर्णा बोलताना 'मी येतो', 'मी बघतो' असं म्हणायची, त्यांच्याकडच्या बायका बोलतात तसं. मध्येच कन्नडवर जायची आणि परत यायची. आणि विचार करायला लागली की उजव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर चोळत राहायची. गिरणीतून पडणारं पीठ जाड आहे की बारीक ते असं चोळून बघतात. समोर पीठ नसलं तरी तिची बोटं चालूच असायची. परीक्षेत माझ्या शेजारी बसून ती बोटं चोळू लागली की माझा पेपर तिथल्या तिथे अडायचा.

आम्हाला केमिस्ट्री शिकवायला हेरेकर सर होते. त्यांनी त्या वर्षी ऑनलाइन प्रश्नसंच सुरू केले. दर शुक्रवारी दहा गणितं यायची. मोल, द्रावणाची तीव्रता, वायूचं आकारमान, असं पहिल्या वर्षाचं सगळं. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण आणि 'बरोबर' एवढा एकच शब्द. चुकलं की लाल फुली आणि तिच्याखाली चार-पाच ओळी. तुम्ही बहुतेक ग्रॅमचे मोल करायला विसरलात. तुम्ही तापमान सेल्सिअसमध्येच ठेवलंत. प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली वेगळ्या ओळी. मला हे ऐकून माहीत होतं, कारण मी स्वतः क्वचितच चुकायचे. हा नुसता सराव आहे, याचे गुण धरणार नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी पानाच्या कोपऱ्यात एक टक्केवारी दिसायची, पहिल्या प्रयत्नात किती उत्तरं बरोबर आली त्याची. माझी अठ्ठ्याण्णव होती. मी ती दिवसातून दोनदा तरी उघडून बघायचे. घरी वायफाय होतं, वडिलांनी वकिलीच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप संध्याकाळी मला मोकळा मिळायचा, आणि संच आला की मी तासाभरात तो संपवून हिरव्या खुणांची रांग वडिलांना दाखवायचे. ते चष्मा वर करून "शाब्बास" म्हणायचे.

सुवर्णाच्या गावात नेटवर्क धड नव्हतं. ती संध्याकाळची बस सुटेपर्यंत कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसायची. एकदा मी तिथे काहीतरी प्रिंट काढायला गेले आणि मागून तिचा स्क्रीन पाहिला. लाल, लाल, लाल, मग हिरवा. पुढच्या प्रश्नाला पुन्हा लाल, लाल, लाल, हिरवा. चार पर्यायांतले तीन चुकवून झाल्यावर हिला चौथा सापडत होता. कोपऱ्यातली टक्केवारी चार. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि गोड आवाजात विचारलं, "अवघड जातंय का? मी सांगू?"

"नको गं. उत्तर आलंय मला," ती म्हणाली. "मघाशीच वहीत काढलोय."

"मग चुकीचं का दाबतेस?"

"बरोबर दाबलं तर ते बोलतच नाही की. 'बरोबर' म्हणतंय आणि गप्प बसतंय. चुकलं की मग सगळं सांगतंय, कुठं चुकलं, का चुकलं. बघ की." आणि तिनं माझ्यादेखत आणखी एक उत्तर चुकवलं आणि खालच्या ओळी मन लावून वाचू लागली.

तिच्यापुढे एक जाड बांधीव वही होती, सुभाष रोडवरनं घेतलेली. पहिल्या पानावर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला: तप्पु. तप्पु म्हणजे चूक. आत प्रत्येक चुकीला तीन ओळी. पहिल्या ओळीत काय चुकलं. दुसरीत, ते बरोबर का वाटलं. तिसरीत, पुढच्या वेळी आधीच कसं ओळखायचं. पानामागून पान तेच. मी वरवर चाळली आणि परत दिली. बाहेर आल्यावर स्वतःला समजावलं की ज्यांना सरळ येत नाही ते असे उलटे धंदे करतात. त्या रात्री मात्र मी एका प्रश्नाला मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला बोट पुढे केलं. टक्केवारी सत्त्याण्णव होईल म्हणून मागे घेतलं.

जानेवारीत एका रविवारी तिनं मला घरी बोलावलं. मी गेले, त्याचं खरं कारण असं की घरी ही किती अभ्यास करते ते मला बघायचं होतं. अभ्यास काही दिसला नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ती गिरणीतच उभी होती. तांदळाचे डबे, ज्वारीचे डबे, नाचणीच्या पिशव्या, प्रत्येकाचं नाव शाईच्या जाड पेननं डब्यावर लिहायचं, आणि तोंडाला फडकं बांधून पीठ चोळून बघायचं. तिचे अप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. गिरणीच्या आवाजानं त्यांचे कान गेलेले, त्यामुळे ते सगळं ओरडूनच बोलायचे.

"हिला मीच शिकवलं," ते मला ओरडून म्हणाले. "दहा वर्षांची होती. म्हटलं, दगड पार जवळ आण आणि चालव. जळू दे पीठ."

"मुद्दाम?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. सुवर्णानं गिरणीमागून उत्तर दिलं.

"मुद्दामच. शेरभर ज्वारी जाळलो तेव्हा. जळक्या पिठाचा वास एकदा नाकात बसला की मग जळायच्या आधीच कळतंय. ज्यानं कधी जाळलं नाही, त्याला धूर दिसल्यावर कळतंय."

मग जेवताना अप्पांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांनी हिला एक वर्ष दिलं होतं. मार्कांचं त्यांना कौतुक नव्हतं. मार्क बारावीलाही पडले होते, त्याचं पुढे काय झालं, असं त्यांचं म्हणणं. "तुमचे सर एकदा म्हणू देत की ही पोरगी यातली आहे. मी गिरणी विकून शिकवतो. नाही म्हणाले, तर आहे की गिरणी." सुवर्णा खाली बघून भाकरी मोडत होती. मी मान डोलावली. हे सगळं मला पुरतं ठाऊक होतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आणि मग ते नव्वद ग्रॅम पाणी झालं. हेरेकर सरांनी वर्गात गणित घातलं: दहा ग्रॅम हायड्रोजन आणि दहा ग्रॅम ऑक्सिजन घेतला तर पाणी किती होईल? मी हात वर केला. सरांनी फळ्याशी बोलावलं. मी झरझर लिहीत गेले. दहा ग्रॅम हायड्रोजन म्हणजे पाच मोल, म्हणून पाणी पाच मोल, पाच गुणिले अठरा, नव्वद ग्रॅम. ऑक्सिजन पुरतो की नाही ते पाहिलंच नाही. खाली दोन रेघा ओढल्या आणि वळले. वर्ग गप्प होता. अर्ध्या वर्गाचं तेच आलं असावं. सरांनी कुणाला काही वेगळं वाटतं का विचारलं, आणि माझ्याच बाकावरून आवाज आला.

"वीस ग्रॅम घातलं आणि नव्वद ग्रॅम आलं? असली गिरणी मला पण पाहिजे की."

वर्ग हसला. सरही हसले. ती बसल्या जागेवरून म्हणाली की ऑक्सिजन आधी संपतो, हायड्रोजन उरतो, पाणी सव्वाअकरा ग्रॅम होतं. मी जागेवर येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते. तिनं हळूच वही माझ्याकडे सरकवली. त्यात मागच्या महिन्याच्या पानावर लिहिलं होतं: नव्वद ग्रॅम. बरोबर का वाटलं: हायड्रोजन आधी लिहिलेला असतो. कसं ओळखायचं: घातलं त्याच्यापेक्षा जास्त निघालं की थांबायचं.

"मी पण तेच काढलो होतो," ती कुजबुजली. "वाईट वाटून घेऊ नको."

हे तिनं मनापासून म्हटलं होतं, आणि त्यामुळेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती खवचट असती तर मला किती सोपं गेलं असतं. चार मुलींत बसून तिची नक्कल करता आली असती. पण तिच्यात खवचटपणा औषधालाही नव्हता. ती मला आपली मैत्रीण समजत होती. जाता-येता नाचणीचं पीठ आणून द्यायची, माझ्या आईला ते आवडतं म्हणून. मी ते पीठ घरी नेऊन द्यायचे आणि त्याची आंबील पिताना आई म्हणायची, "किती बारीक दळलंय बघ." आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा तिचं कौतुक पोचलेलं होतं.

त्या दिवसापासून पोरी तिच्याकडे जायला लागल्या. आधी अडलं की माझ्याकडे यायच्या. मी उत्तर सांगायचे, त्या लिहून घ्यायच्या, असा चांगला चाललेला कारभार होता. आता दुपारच्या सुट्टीत कॉम्प्युटर रूमच्या पायरीवर पाच-सहा जणी तिच्याभोवती बसलेल्या असायच्या. ती उत्तर सांगायची नाही. "आधी चुकीचं काय काय येऊ शकतंय ते सांगा बघू," असं म्हणायची, आणि मग त्या सगळ्या मिळून खदखदा हसत चुकीची उत्तरं काढत बसायच्या. केमिस्ट्रीत हसण्यासारखं काय असतं ते मला कळायचं नाही. एकदा त्यातली एक माझ्या तोंडावर म्हणाली, "अनघा, तुझ्याकडं उत्तर मिळतं, पण अक्काकडं कळतं." ती सहज म्हणाली आणि डबा खायला निघून गेली. मला आजही ते वाक्य तिच्या आवाजासकट आठवतं.

प्रयोगशाळेतही तेच. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना मी श्वास धरून उभी असायचे, फिका गुलाबी रंग आला की तोटी बंद. सुवर्णा पहिला फ्लास्क बेधडक वाया घालवायची, गडद गुलाबी होईपर्यंत सोडायची. प्रयोगशाळेतले मामा कुरकुर करायचे की ही पोरगी सोडियम हायड्रॉक्साइड संपवते. "मामा, पुढं गेल्यावर कसं दिसतंय ते बघून ठेवतो," ती म्हणायची, आणि पुढची तीनही वाचनं तिची तंतोतंत जुळायची.

मार्च महिन्यात सर एक बातमी घेऊन आले. बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. आमच्या कॉलेजातून एकच नाव पाठवायचं होतं. सुवर्णाची बोटं चालू झालेली मी शेजारून पाहिली. अप्पांना जे हवं होतं ते हेच होतं. सरांनी एक नाव निवडायचं आणि म्हणायचं, ही पोरगी यातली आहे.

आठवडाभरानं सरांनी मला स्टाफ रूममध्ये बोलावलं. मी वर्गाची प्रतिनिधी होते, त्यामुळे बोलावणं नवीन नव्हतं. टेबलावर प्रश्नसंचांच्या टक्केवारीचा कागद होता. वरिष्ठांनी कागदोपत्री काहीतरी मागितलं म्हणून सरांनी तोच काढला होता. माझ्या नावापुढे अठ्ठ्याण्णव होते. सुवर्णाच्या नावापुढे सहा.

"माझ्या डोक्यात खरं तर तिचं नाव होतं," सर म्हणाले. "वर्गात चांगलं बोलते, परीक्षेतही बरं लिहिते. पण हे बघ. वर्षभर शंभरातली चौऱ्याण्णव चुकतायत. असं कसं? परीक्षेत कुणाचं बघते की काय, असंही मनात येतं. तुम्ही शेजारी बसता. तुला काही ठाऊक आहे का?"

उत्तर चार शब्दांचं होतं. ती मुद्दाम चुकते, सर. आणि फार तर आणखी एक वाक्य, की तिची वही मागवून बघा. माझ्या तोंडात ते तयार होतं. मी कागदावरच्या माझ्या अठ्ठ्याण्णवकडे बघितलं, पायरीवर हसणाऱ्या पोरी आठवल्या, आईची आंबील आठवली, आणि म्हणाले, "ठाऊक नाही, सर."

दोन दिवसांनी फलकावर माझं नाव लागलं. सुवर्णानं पेढे द्यायला लावले नाहीत, उलट स्वतःच घेऊन आली, स्टँडसमोरच्या दुकानातून. मग बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "सरांना ठाऊक आहे नव्हे, मी मुद्दाम चुकतो ते?"

मी पेढ्यावरची साखर झटकत म्हटलं, "असणार की."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ बोटं चोळत खिडकीबाहेर बघत राहिली. परीक्षा संपली त्या दिवशी तिनं ती तप्पूची वही माझ्या हातात ठेवली. अर्धी भरलेली, अर्धी कोरी. "बेंगळूरला घेऊन जा. तिथं नवीन नवीन चुकायला मिळेल. लिहून आण माझ्यासाठी." मी नको म्हणायला गेले तेव्हा ती बससाठी पळत सुटली होती.

बेंगळूरची हकिकत सांगण्यासारखी नाही. पहिल्याच आठवड्यात माझं एक द्रावण बिघडलं. तिथल्या प्रयोगशाळेच्या बाईंनी विचारलं, नेमकं कुठे बिघडलं असेल? मला सांगता येईना. मला फक्त बरोबर कसं करायचं ते ठाऊक होतं. मी शेजारच्या मुलीचं बघून दुसरं द्रावण केलं, ते बरोबर आलं, आणि पुढचे दोन महिने मी अशीच शेजारी बघत काढले. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला सुंदर प्रमाणपत्र मिळालं, ते आमच्या दिवाणखान्यात वडिलांच्या सनदेशेजारी लावलेलं आहे. वही सामानाच्या तळाशी होती. मी ती उघडली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या बाकावर शेजारची जागा रिकामी होती. कुणीतरी म्हणालं, अक्का येणार नाही, भाऊ गोव्याला नोकरीला गेला, गिरणी बघायला कुणी नाही. निकालात केमिस्ट्रीत ती माझ्या पुढे होती, नऊ गुणांनी. मी आता वर्गात निर्विवाद पहिली होते. पोरी अडलं की पुन्हा माझ्याकडे येऊ लागल्या. काही दिवस मला चांगलं वाटलं, हेही सांगायला हवं.

याला सहा वर्षं झाली. मी एम.एस्सी. केलं आणि गेल्या जूनपासून त्याच कॉलेजात अतिथी व्याख्याती म्हणून शिकवते. हेरेकर सर निवृत्त झाले, पण प्रश्नसंच अजून आहेत, आणि ते आता माझ्याकडे आहेत. शिकवणाऱ्याला त्यात विद्यार्थ्यानं काय काय दाबलं ते सगळं दिसतं; सरांनी तेव्हा नुसती टक्केवारीच काढली होती. ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी मी यादी खाली खाली नेत होते आणि एका नावापाशी हात थांबला. लाल, लाल, लाल, हिरवा. पुढच्या प्रश्नाला तेच. दहाच्या दहा प्रश्नांना तेच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावलं. तुळसा नावाची शिडशिडीत मुलगी. रागावणार असं समजून ती दारातच उभी राहिली.

"सगळी उत्तरं चुकवतेस का?" मी विचारलं.

"मॅडम, आधी चुकवून मग बरोबर करतो," ती म्हणाली. "आमच्या गावच्या गिरणीतल्या अक्कानं तसं शिकवलंय. दळण होईस्तोवर ती आम्हा पोरींची गणितं घेती. गावात आता नेटवर्क आलंय की."

मी तिला जा म्हटलं. पश्चात्ताप नंतर आला. आधी आला तो जुनाच जळफळाट, जागचा न हललेला. मी दोन महिने बेंगळूरला जाऊन आले, दोन पदव्या घेतल्या, व्यासपीठावर उभी राहून रोज एक तास बोलते, आणि माझ्यासारखं गणित सोडवणारी एकही मुलगी माझ्या वर्गात नाही. तिच्यासारखं सोडवणारी मात्र आहे. गिरणीत उभ्या उभ्या तिनं ते केलं.

पुढच्या रविवारी मी वही शोधून काढली आणि अळणावरची बस धरली. गिरणी तशीच होती. दाराशी अप्पांची खुर्ची होती, अप्पा नव्हते. ते आता घरातच असतात असं मागाहून कळलं. आत सुवर्णा तोंडाला फडकं बांधून पीठ चोळत होती. मला बघितल्यावर तिनं फडकं खाली ओढलं आणि काल भेटल्यासारखं म्हणाली, "ये की." मग पट्टा थांबवला. गिरणी थांबल्यावर फार शांत वाटतं.

मी वही पुढे केली. तिनं हात पदराला पुसून ती घेतली आणि मधूनच उघडली, आपलं शेवटचं पान शोधून. पुढची पानं उलटली. आणखी उलटली.

"कोरीच आहे की," ती म्हणाली. "दोन महिने होतीस. काहीच चुकलं नाही?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. सहा वर्षं ती त्या पानांची वाट बघत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"चुकलं," मी म्हटलं. "लिहिलं नाही."

तिनं डब्यांवर नावं लिहायचं जाड पेन माझ्या हातात दिलं. "मग आता लिही."

मी पोत्यावर बसले. पहिल्या ओळीत लिहिलं: सरांनी विचारलं, सुवर्णा इतकी का चुकते, तुला ठाऊक आहे का. मी ठाऊक नाही म्हणाले. दुसऱ्या ओळीत, ते बरोबर का वाटलं त्या जागी, लिहिलं: तिला जे येत होतं ते मला येत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये असं वाटत होतं. तिसऱ्या ओळीशी पेन थांबलं. पुढच्या वेळी आधीच कसं ओळखायचं, ते मला सुचेना. वही तशीच तिला दिली.

तिनं ती सावकाश वाचली. पानाचा कोपरा अंगठ्यानं बोटांवर चोळत राहिली. शाई बोटाला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तू म्हणालीस, सरांना ठाऊक असणार," ती म्हणाली. "मग मी तसंच धरून चाललो. सगळं ठाऊक असूनपण सरांनी तुला निवडलं, म्हणजे मी काय यातली नव्हे. अप्पांनी विचारलं तेव्हा तसंच सांगितलो. अप्पा म्हणत होते, अजून एक वर्ष बघूया. मीच नको म्हणालो."

मी पेनाला टोपण लावलं.

"मी कुठं कमी पडलो, तेवढ्या एका चुकीचं कारण कळलं नव्हतं मला," ती म्हणाली. "लई शोधलो."

बाहेर एक म्हातारी तांदळाचा डबा घेऊन आली आणि उंबऱ्यावर टेकली. सुवर्णानं वही मिटली, पिठाच्या हातांनीच, आणि माझ्याकडे परत दिली.

"तिसरी ओळ राहिली आहे," ती म्हणाली.

"सुचत नाही."

"मग घेऊन जा. सुचली की ये."

तिनं फडकं तोंडावर ओढलं, डबा वर ओतला आणि पट्टा चालू केला. मग पाठ माझ्याकडे करून खाली हात धरला, पडणारं पीठ अंगठ्यानं चोळून बघितलं, आणि दगड जवळ-लांब करायचं चाक जरासं सैल केलं. मी थोडा वेळ उभी राहिले. ती वळली नाही. परतीच्या बसमध्ये वही मांडीवर होती, आणि तिसरी ओळ आजपर्यंत कोरी आहे.